अण्णांचा माऊस

आमच्या वडगावातल्या घरात घड्याळाची गरज नव्हती. मागच्या गल्लीत यंत्रमाग सुरू झाले की उठायचं, ते दुपारी थांबले की जेवायला बसायचं, आणि संध्याकाळी बंद पडले की अण्णा कारखान्यातून येणार हे समजायचं. त्या खडखडाटामुळे आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलत. निपाणीला मामाकडे गेलं की मामी पहिल्याच दिवशी म्हणायच्या, "जरा बारीक बोला की गं, आम्ही काय भैरं हाव व्हय?" एकटे अण्णा हळू बोलायचे. माग चालू असताना ते काय म्हणाले हे ओठांवरून ओळखायचं, आणि नाही ओळखता आलं तर आईला विचारायचं. आईला त्यांचं सगळं न ऐकताच कळायचं.

बाहेरच्या खोलीचा निम्मा भाग अण्णांच्या ड्रॉइंग बोर्डाने खाल्ला होता. पाहुणे अंग चोरून बसत, कारण बोर्ड हलवायची सोय नव्हती आणि तसं सुचवायची कुणाची छातीही नव्हती. अण्णा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ड्राफ्ट्समन होते. पंपाचं झाकण ओतायचं तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, आणि सुताराने तो नमुना करायचा तर त्याच्या हातात ड्रॉइंग लागतं. ते ड्रॉइंग अण्णांचं. शनिवारी ते काम घरी आणत. शाईची रेघ चुकली तर ट्रेसिंग पेपरवरून ब्लेडने ती हलक्या हाताने खरवडत, मग फुंकर मारत, मग पुन्हा तिथूनच रेघ अशी ओढत की चूक कुठे झाली होती ते त्यांनाही सापडू नये. मला पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवलं. मी गिरवायला बसले की म्हणायचे, "एवढी दाबू नगंस, कागदाला लागंल." कागदाला लागेल अशी काळजी करणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आई निपाणीची, तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेली. एवढ्या उग्र वासात बालपण काढूनही तिचं नाक फार तिखट होतं. शेजारणीची भाकरी करपली तर आई आमच्या चुलीपुढून सांगायची. सकाळी अंबोळ्या आणि लसणीची चटणी, अण्णांच्या डब्यात भाकरी आणि अळसंद्याची उसळ, रविवारी दुपारी आमटीत सोडलेले डाळीचे गोळे, असं तिचं ठरलेलं असे. एखादं अवघड ड्रॉइंग मनासारखं उतरलं की अण्णा येताना मिठाईच्या दुकानातून कुंदा आणत. पुडक्याचा दोरा सोडता सोडता फक्त एवढंच म्हणत, "झालं बाबा एकदाचं." मी ज्या वर्षाबद्दल लिहायला बसले आहे, त्या वर्षी आमच्या घरात कुंदा आला नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि आज त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि टिळकवाडीत एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. पुढे धारवाडला जाऊन एम. एस्सी. करायचं असं मी मनाशी पक्कं केलं होतं. त्याच सुमारास फौंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. फौंड्रीचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते अण्णांहून वयाने बरेच लहान. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टीत मालक वाईट असला की सगळंच सोपं होतं. त्यांनी अण्णांना बसवून, चहा पाजून सांगितलं होतं. अण्णांनी ते घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं. "अण्णा, पुण्याची पार्टी आता कागद घेत न्हाय. ड्रॉइंग फ्लॉपीत पायजे म्हणतात. दिवाळीनंतर सगळं ह्याच्यावरच करायला लागंल. तुम्ही तवर शिकून घ्या. न्हाय जमलं तर मला कोल्हापूरचा एखादा पोरगा ठेवायला लागंल, मग तुम्हाला काम तरी काय देऊ मी?" वर असंही म्हणाले होते की शैलाला येतंय नव्हं, मग रविवारी तिलाच घेऊन या. म्हणजे मला पेन्सिल धरायला शिकवणाऱ्याला मी माऊस धरायला शिकवायचं होतं. मला त्याचा अभिमान वाटला. आईने मात्र एवढंच विचारलं, "आणि न्हाय जमलं तर?"

माऊस पहिल्यांदा बिघडला तो खंडेनवमीला. उद्यमबागेत त्या दिवशी जे जे म्हणून माणसाला पोसतं त्याची पूजा होते. लेथला झेंडूच्या माळा घातल्या, भट्टीपुढे नारळ फुटले, फाटकात कोहळा फुटला, वजनकाट्यालासुद्धा गंध लागलं. मग सगळे ऑफिसात आले. कॉम्प्युटर नवा, त्यामुळे त्याचे लाड जास्त. पडद्याला हार, कीबोर्डावर फुलं, आणि माऊस सगळ्यांत लहान म्हणून प्रत्येकाने त्याला चिमूटभर हळदकुंकू जास्तच वाहिलं. अण्णांनी तर त्याला हात लावून नमस्कार केला. सुटीनंतर मी जाऊन कॉम्प्युटर चालू केला, तर पॉइंटर पडद्यावर बेडकासारखा उड्या मारत होता.

खानापूर रोडवर मंजूचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. मंजुनाथ घरी कानडी बोलायचा, पण मराठी माझ्याहून धडाधड. साहेबांनी त्याला ऑफिसात बोलावलं. त्याने माऊस उलटा केला, खालची चकती फिरवून आतली गोळी तळहातावर काढली, आत फुंकर मारली आणि स्वतःचंच तोंड लाल करून घेतलं. आतल्या दोन्ही चाकांवर कुंकवाचा थर बसला होता. "आक्का, पूजा करा री, कोण नको म्हणतंय," तो तोंड पुसत म्हणाला, "पण ह्याच्या पोटात कुंकू नका घालू." आम्ही सगळे हसलो. अण्णा सगळ्यांत जास्त हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

माऊस साफ झाला, पण परत जोडल्यावर कॉम्प्युटर त्याला ओळखेना. यादीत त्याच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह आलं. ड्रायव्हर गेला, असं मंजूने सांगितलं, एक फ्लॉपी दिली आणि मला समोर बसवून शिकवलं. जुना ड्रायव्हर काढायचा, कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, फ्लॉपी घालायची, ती कर्रकर्र करत राहते तोवर गप्प बसायचं, निळी पट्टी भरली की पुन्हा बंद करून चालू करायचा. "हातानं काय केलं ते कॉम्प्युटरला सांगणारा हा प्रोग्रॅम," मंजू म्हणाला. "हा बिघडला, की हात बरोबर असला तरी पडद्यावर चूक दिसतंय." त्याचं हे वाक्य मी गाठीला बांधलं, आणि पुढचे कितीतरी दिवस ते सोडलं नाही.

रविवारी, आणि दिवाळी जवळ आली तशी इतर दिवशी संध्याकाळीही, अण्णा आणि मी एकाच सायकलीवरून उद्यमबागेत जायचो. बंद कारखाना, थंड पडलेली भट्टी, सगळीकडे काळ्या वाळूचा वास. सरळ रेघ ओढायची कशी हे अण्णांना सगळं समजत होतं. कुठून कुठे जायचं, किती मापाची, कुठे थांबायचं, हे मी सांगायच्या आधी त्यांना माहीत असे. पण पॉइंटर नेमक्या बिंदूवर नेला की तो तिथे ठरत नसे. वर्तुळाच्या मध्यावर बटण दाबायचं तर मध्य निसटायचा. दोनदा पाठोपाठ दाबायचं तर पहिल्या आणि दुसऱ्या दाबण्याच्या मध्येच पॉइंटर शेजारी जाऊन बसायचा. अण्णा श्वास रोखून धरत, ओठ घट्ट मिटून घेत. मी म्हणायची, "ड्रायव्हर बिघडलाय अण्णा, परत टाकते." ते लगेच उठून मला खुर्ची देत.

मी किती गोष्टींना दोष दिला म्हणून सांगू! आधी काळ्या वाळूला. रोज गोळी स्पिरिटने पुसली, माऊसला प्लॅस्टिकची पिशवी शिवली. मग करंटला. कारखान्यात व्होल्टेज कमीजास्त होतं म्हणून साहेबांकडून वेगळी अर्थिंग करून घेतली. मग पॉइंटरचा वेग इतका कमी केला की पडदा ओलांडायला त्याला जेवण करून यावं लागेल. मग कोल्हापूरहून नवा माऊस मागवला आणि त्याच्याबरोबर आलेला नवा ड्रायव्हर टाकला. निम्मा टाकून झाला की करंट जायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. प्रत्येक वेळी मी स्वतः एक रेघ ओढून बघायची. ती सुतासारखी यायची. मग अण्णांना बसवायची आणि मला वाटायचं, ड्रायव्हर पुन्हा बिघडला. आता वाचताना तुम्हाला ते केव्हाच कळलं असेल. मला कळत नव्हतं, कारण कळून घ्यायचं नव्हतं. ते अण्णांचे हात होते. उद्यमबागेत रेघ म्हटली की त्यांचं नाव निघायचं, आणि त्यांच्यावर संशय घ्यावा असं माझ्या मनाच्या कोपऱ्यातही आलं नाही.

घरातही खुणा होत्या. एकदा आई देवळात गेली आणि अण्णांना दुधावर लक्ष ठेवायला सांगून गेली. ती परत आली ती नाकाला पदर लावूनच. दूध उतू जाऊन, करपून, भांडं काळंठिक्कर पडलेलं, घरभर धूर, आणि अण्णा शेजारीच पेपर वाचत बसलेले. "अहो, नाक हाय का न्हाय तुम्हाला?" आई ओरडली. अण्णांना खरंच वास आला नव्हता. पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवाताचं नाव घेण्याआधी पहिल्या भेटीत हेच विचारलं, वास येतो का, अक्षर बारीक होत चाललंय का. अक्षर तर झालंच होतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं त्यांचं नाव महिन्या-महिन्याला आक्रसत गेलं होतं, आणि साहेब म्हणाले होते, अण्णा आता लई नाजूक लिहायला लागलेत.

दिवाळीच्या आधीचा शेवटचा रविवार. त्याच आठवड्यात पुण्याची माणसं यायची होती आणि त्यांच्यासमोर अण्णांनी पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर काढून दाखवायचं असं साहेबांनी ठरवलं होतं. दुपारची वेळ. कारखान्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी ड्रायव्हर काढला, परत टाकला, रेघ ओढून बघितली आणि अण्णांना खुर्ची दिली. ते बसले. झाकणाचं मोठं वर्तुळ आलं. बोल्टांच्या भोकांसाठी मध्य पकडायचा होता, आणि पॉइंटर त्या मध्याभोवती थरथरत राहिला.

"उठा अण्णा, परत टाकते," मी म्हणाले.

ते उठले नाहीत. "थांब जरा," म्हणाले. त्यांनी माऊसवरचा हात उचलला. पॉइंटर जागच्या जागी थांबला. हात ठेवला, पॉइंटर थरथरला. पुन्हा उचलला, थांबला. ओतून आलेला एखादा भाग मापात आहे का हे तपासताना त्यांचा चेहरा व्हायचा तसाच तेव्हा होता, शांत आणि लक्ष देणारा.

"मशीन चांगलं हाय, शैला," ते म्हणाले.

मी विचारलं, "कधीपासनं?"

"गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासनं असंल. बोर्डावर कळत न्हाय गं. मनगट दाबून धरतो, पेन पट्टीला टेकतो, रेघ सरळ येती. हितं टेकायला कायच न्हाय."

मला आधी राग आला. भीती नंतर आली. "मग मला बोलला का न्हाय? इतके दिवस मी येड्यागत परत परत टाकत बसले, तुम्ही उठत हुता, बसत हुता, आणि एक शब्द न्हाय?"

अण्णांनी हात मांडीवर घेतला आणि त्यावर दुसरा हात ठेवला. पडद्याकडे बघतच म्हणाले, "तू ड्रायव्हर टाकत हुतीस तवर बरं वाटायचं. तेवढा वेळ दोष मशीनचा हुता."

मी तिथेच, फ्लॉपी हातात धरून, रडले. अण्णांनी माझी समजूत घातली नाही. त्यांच्याजवळ त्या वेळी कुणाला द्यायला काही नव्हतं.

घरी आलो तेव्हा आई चहा ओतत होती. मला भरून कप दिला. अण्णांचा कप तिने निम्माच भरला आणि बशीत ठेवून त्यांच्यापुढे सरकवला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी उचलला. मी आईच्या मागोमाग आत गेले आणि हळू विचारलं, "आई, तुला माहीत हुतं?" ती भांडं विसळत होती. "सदऱ्यावरचे चहाचे डाग कोण धुतंय?" म्हणाली. "ते बोलंनात, मग मी कशाला बोलू?" वर्षभर ती त्यांना दोन वेळा अर्धा अर्धा चहा देत होती आणि माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. आमच्या एवढ्या मोठ्याने बोलणाऱ्या घरात ही एकच गोष्ट कुणी बोललं नाही.

पुण्याची माणसं आली त्या दिवशी अण्णा मला बरोबर घेऊन गेले. साहेबांनी खुर्ची ओढली तेव्हा अण्णा म्हणाले, "शैला काढंल, मी सांगतो." मी बसले. ते माझ्या मागे हात पाठीशी बांधून उभे राहिले आणि कागदाकडे न बघता एकेक माप सांगत गेले. रेघा सुतासारख्या आल्या. पाहुणे खूश झाले. साहेब मात्र ड्रॉइंगकडे बघत नव्हते, ते अण्णांच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे बघत होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी मलाच विचारलं, कामावर येतेस का म्हणून. मी अण्णांकडे बघितलं. घरी आल्यावर ते म्हणाले, "मी ये पण म्हणणार न्हाय आणि नगं पण म्हणणार न्हाय." धारवाडला जाणं राहिलं. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणं खोटं होईल. झालं, आणि बरेच दिवस पुरलं.

अण्णांचा निरोप समारंभ कारखान्यातच झाला. शाल घातली, हातात नारळ दिला. तो नारळ त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी असा धरला होता की लोकांना वाटलं, माणूस भारावून गेला आहे. घरातला बोर्ड आईने भिंतीला उभा केला. मग आमच्याकडे येणारे पाहुणे ऐसपैस बसू लागले.

मी त्याच खुर्चीवर बसून काम करू लागले. पहिल्या दिवशी पॉइंटर माझ्या हाताखाली इतका मुकाट चालला की मला त्याची चीड आली. संध्याकाळी घरी आले तर अण्णा उंबऱ्यातच बसलेले. "आज माऊस कसा चालला?" त्यांनी विचारलं. चांगला चालला, असं तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्यांचा मांडीवरचा हात दिसला आणि मी म्हणून गेले, "कुठलं काय, लई उड्या मारतोय." अण्णांच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. "मग ड्रायव्हर टाक की परत," ते म्हणाले. ते त्यांनी खरं मानलं नव्हतं. पण मग हे रोजचंच होऊन बसलं. माझं लग्न जवळच झालं, त्यामुळे कामावरून जाताना मी माहेरी थांबायचीच. अण्णा विचारायचे, मी उड्या सांगायची, ते ड्रायव्हर टाकायला सांगायचे. हळूहळू त्यांचं चालणं थांबलं, घास भरवावा लागू लागला, बोलणं इतकं बारीक झालं की ओठांवरूनही कळेना. तरी हा एक प्रश्न ते स्वच्छ विचारायचे. कारखान्यात काय चाललंय, साहेब कसे आहेत, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही.

मग एकदा मंजू अण्णांना भेटायला आला. त्याचं दुकान आता मोठं झालं होतं. हातात मांड्यांचा पुडा होता, आणि हौसेने माझ्यासाठी एक नवा माऊस आणला होता, गोळी नसलेला, खालून लाल उजेड पडणारा. माझा लॅपटॉप उघडून त्याने तो तिथेच अण्णांच्या कॉटवर जोडला. पॉइंटर लगेच हलला. "बघा री अण्णा," मंजू म्हणाला, "आता ड्रायव्हर-बिव्हर टाकायची कटकटच न्हाय. घातला की चालू. लई वर्षं झाली, आता सगळे असलेच येतात." बिचाऱ्याला काय ठाऊक! अण्णांनी उशीवरची मान वळवून माऊसकडे बघितलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले तेव्हा माग थांबले होते. आईने त्यांना चमच्याने चहा पाजला होता आणि ती तोंड पुसत होती. मी कॉटच्या कडेला बसले आणि वाट बघितली. अण्णांनी विचारलं नाही. शेवटी मीच म्हणाले, "अण्णा, आज माऊस लई उड्या मारत हुता."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"असू दे," म्हणाले.